सोसायटीची देखभाल, सेफ्टी आणि सर्टिफिकेटं: आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, मुलुंड, डोंबिवली या पट्ट्यात आम्ही सोसायट्यांची कामं घेतो. सिव्हिल, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल आणि फायर हे चार विषय आमच्याकडेच, लिफ्टचं काम लिफ्टवालेच करतात पण त्यांच्या मागे लागायचं काम आमचं. नवीन कमिटी आली की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवलंय.

आमच्याकडे प्लंबर आहे, वायरमन आहे, फायरवाला वेगळा आहे. मग सगळं एकत्र करणारा कॉन्ट्रॅक्टर कशाला हवा?

एक किस्सा सांगतो. एका सोसायटीत मीटर रूमच्या भिंतीला ओल यायची. वायरमनने दोनदा मेन स्विच बदलला कारण तो गंजायचा, पेंटरने डॅम्पप्रूफ मारून दिलं, प्लंबरने बाहेरचा पाइप बदलला. तिघांनीही आपापलं काम नीट केलं होतं, खोटं नाही बोलत, आणि तरी तीन पावसाळे भिंत ओलीच. आम्ही गेलो तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे नीळ मागितली, बादलीभर पाण्यात कालवून त्यांच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये ओतली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर बोर्डाच्या वर वीतभर निळा डाग. म्हणजे लीकेज प्लंबिंगचं, नुकसान स्लॅबच्या सळईचं आणि धोका शॉक लागायचा. तीन वेगवेगळी माणसं आली की प्रत्येक जण आपल्या हद्दीपर्यंत बघतो, पाणी मात्र हद्द बघत नाही. आमच्यासारख्याचा उपयोग तेवढाच, की "ते माझं काम नाही" हे वाक्य म्हणायला आम्हाला जागा राहत नाही.

पण सगळं एकालाच दिलं तर तो डोक्यावर बसेल की.

बसू शकतो. म्हणून आम्ही स्वतःच सांगतो की स्ट्रक्चरल ऑडिट (बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी) आणि रिपेअर एकाच माणसाला देऊ नका, आम्हालाही नाही. ऑडिट करणाऱ्यालाच रिपेअर मिळणार असेल तर त्याला प्रत्येक कॉलम आजारी दिसणार. ऑडिटर आणि कन्सल्टंट तुमचा, सोसायटीने नेमलेला, आमची बिलं त्याने तपासायची. एखादा कॉन्ट्रॅक्टर "ऑडिट फ्री करून देतो" म्हणाला तर चहा पाजा आणि पाठवा परत.

स्ट्रक्चरल ऑडिट नक्की कधी करायचं?

सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे कारभाराच्या छापील नियमांत, आहे: १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर ५ वर्षांनी, ३० वर्षांच्या वर गेली की दर ३ वर्षांनी. शिवाय ३० वर्षं झाली की महापालिकेच्या कायद्याने पण बंधनकारक, मुंबईत ते कलम ३५३-ब मध्ये येतं, आणि ऑडिटर पालिकेकडे नोंदणी असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअरच लागतो, ओळखीतला आर्किटेक्ट चालत नाही. बरेच जण पालिकेची नोटीस येईपर्यंत थांबतात. नोटीस पावसाळ्याच्या तोंडावर येते आणि मग सगळ्या एरियातल्या सोसायट्या एकाच महिन्यात त्याच चार ऑडिटरच्या मागे धावतात.

ऑडिटवाले हातोडीने ठोकतात आणि लाखभर रुपये घेतात, त्यात एवढं काय असतं?

ठोकणं हीच पहिली टेस्ट आहे हो, हसू नका. चांगलं काँक्रीट टणटण वाजतं, आतून सुटलेलं डबडब वाजतं, आमचा मिस्त्री डोळे मिटून सांगतो. त्यानंतर मशिनं येतात: रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कडकपणा कळतो, अल्ट्रासोनिक टेस्टने आत भेगा किंवा पोकळी आहे का ते कळतं, हाफ सेलने सळईला गंज धरायची शक्यता किती ते, आणि संशय असेल तिथे कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा, काढून लॅबमध्ये दाबून बघतात. मला स्वतःला आवडते ती कार्बोनेशनची टेस्ट. काँक्रीटला छोटं भोक पाडायचं, धूळ झटकायची, आत फिनॉल्फ्थॅलिन फवारायचं. काँक्रीट निरोगी असेल तर गडद गुलाबी होतं, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा अल्कलीपणा संपवला असेल तर रंगच येत नाही. तो बिनरंगी थर सळईपर्यंत पोचला की सळईचं कवच गेलं, आता पाणी मिळालं की ती गंजणार, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो म्हणून वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतो. तुम्ही ज्याला "पोपडे पडलेत, पेंट मारून घेऊ" म्हणता ते बऱ्याचदा हेच असतं. कमिटीतल्या एकाने तरी टेस्टच्या वेळी शेजारी उभं राहावं, नुसता रिपोर्ट वाचून काही कळत नाही.

रिपोर्टमध्ये सी-१, सी-२ए असं लिहिलंय, म्हणजे काय?

सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करा आणि पाडा. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी स्ट्रक्चरल दुरुस्ती, काही भाग पाडावा पण लागू शकतो. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना स्ट्रक्चरल रिपेअर करता येईल. सी-३ किरकोळ. आपल्याकडच्या ३०-३५ वर्षांच्या बिल्डिंगा बऱ्याच वेळा सी-२बी मध्ये येतात आणि लोक "बी आहे ना, मग काही नाही" म्हणून फाइल कपाटात ठेवतात. सी-२बी म्हणजे काही नाही असं नाही, सी-२बी म्हणजे आत्ता केलं तर घर सोडावं लागणार नाही.

फायरचा फॉर्म बी भरला की झालं ना?

कागदाचं झालं. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याप्रमाणे जबाबदारी मालकाची किंवा राहणाऱ्याची, म्हणजे सोसायटीची. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट अग्निशमन दलाला द्यायचं, तोच फॉर्म बी. नाही दिलं तर नोटीस येते आणि प्रकरण वाढलं तर लाइट-पाणी तोडायचे अधिकार आहेत त्यांना.

आता खरं बोलतो. काही एजन्स्या फोनवर रेट सांगतात आणि बिल्डिंगचं तोंड न बघता फॉर्म पाठवून देतात. स्वस्त पडतं, सेक्रेटरी खूश. एका चौदा मजली सोसायटीत आम्ही एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) घ्यायला गेलो, फाइलमध्ये सलग सहा फॉर्म बी व्यवस्थित लावलेले, पंचिंग मशीनने भोकं पाडून. गच्चीवरच्या हायड्रंटला, म्हणजे आगीसाठीच्या नळाला, होज लावून पाणी सोडलं तर आधी हवा आली, मग तांबूस थेंब, मग काहीच नाही. खाली पंप रूममध्ये पॅनलचा स्विच ऑटोवरून मॅन्युअलवर केलेला, कारण जॉकी पंप (लाइनचं प्रेशर टिकवणारा छोटा पंप) रात्री सारखा सुरू व्हायचा आणि पहिल्या मजल्यावरच्यांची झोप मोडायची. जॉकी पंप सारखा का सुरू होतो, कारण लाइन कुठेतरी गळतेय, प्रेशर टिकत नाही. गळती कोणी शोधली नाही, आवाज बंद केला. होज बॉक्स उघडले तर चौदापैकी नऊ पितळी नोझल गायब, भंगारात किलोवर जातात ती, आणि एका बॉक्समध्ये झाडू आणि वॉचमनची छत्री.

त्यामुळे फॉर्मवर सही घेताना एवढंच करा: सगळ्यात वरच्या मजल्यावर पाणी सोडून दाखव म्हणा, ऑटोवर ठेवून व्हॉल्व्ह उघड म्हणा आणि पंप आपोआप सुरू होतो का बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, कॉलेजात जाणारा मुलगा पण बघू शकतो.

एक्स्टिंग्विशरची सुई हिरव्यात आहे, म्हणजे ठीक?

पावडरवाल्याची हिरव्यात असेल तर प्रेशर ठीक आहे, पावडर आत दगड झालीय का ते सुई सांगत नाही, तारीख बघा. मीटर रूम, लिफ्ट मशीन रूमजवळ जो सीओटू असतो, लांब काळा भोंगा असलेला, त्याला सुईच नसते. तो वजन करूनच कळतो, रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर ठोकलेलं असतं. एजन्सीचा माणूस काटा न घेता आला असेल तर त्याने सीओटू तपासलेला नाही, स्टिकर बदललाय.

जाता जाता, रेफ्युज एरियात (आग लागली तर थांबायची मोकळी जागा) मखराचं थर्माकोल आणि जिन्यात सायकली ठेवू नका. दर गणपतीनंतर सांगतो, दर गणपतीआधी परत तेच.

इलेक्ट्रिकलमध्ये सोसायटीने काय बघायचं? मीटर तर वीज कंपनीचा असतो.

मीटर त्यांचा, मीटरनंतरची वायर तुमची. जुन्या बिल्डिंगीत वायरिंग टाकलं तेव्हा घरात दोन पंखे, चार ट्यूब आणि एक फ्रिज होता. आता त्याच राइझरवर, म्हणजे खालून वर जाणाऱ्या मेन वायरवर, प्रत्येक बेडरूमला एसी, गीझर, इंडक्शन. वायर गरम होते, जॉइंट ढिले पडतात, आणि आग लागते ती डक्टमध्ये, जिथे कोणी बघत नाही. तो डक्ट मजल्यामजल्याला फायर सीलिंग करून बंद केलेला नसेल तर चिमणीसारखं काम करतो, तिसऱ्या मजल्यावरचा धूर पंधराव्यावर जातो. इंटरनेटवाले आणि केबलवाले येऊन भोकं पाडतात, ती बुजवत कोणीच नाही.

आम्ही वर्षातून एकदा संध्याकाळी आठ-नऊच्या सुमारास, फुल लोड असताना, पॅनलची थर्मल कॅमेऱ्याने तपासणी करतो. दुपारी करून उपयोग नाही, सगळे ऑफिसात. ढिला जॉइंट कॅमेऱ्यात पांढराफटक दिसतो, पान्याने आवळला की काम झालं, दहा मिनिटं. तोच न आवळता राहिला तर अख्खं पॅनल.

घरात काय करायचं विचाराल तर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबा. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला आरसीसीबी वाचवतो, हा फरक शिकलेल्या लोकांना पण माहीत नसतो. आणि सारखा ट्रिप होतो म्हणून बायपास करणारा वायरमन असेल तर त्याला परत घरात घेऊ नका. तो ट्रिप होतोय म्हणजे कुठेतरी करंट गळतोय, तेच तर सांगतोय बिचारा.

लिफ्टचं काय?

२०१७ च्या कायद्याखाली लिफ्टला लायसन्स लागतं, लायसन्सवाल्याकडेच मेंटेनन्स द्यायचा, शासनाच्या लिफ्ट इन्स्पेक्टरची तपासणी व्हायला हवी. आमचा संबंध येतो तो पिटमध्ये, म्हणजे लिफ्टखालच्या खड्ड्यात. पावसाळ्यात पिटमध्ये पाणी भरलं की लिफ्टवाला म्हणतो सिव्हिलचं काम, सिव्हिलवाला म्हणतो लिफ्ट बंद करून द्या मग बघतो, आणि दोघांच्या मध्ये चौथ्या मजल्यावरचे आजोबा दोन महिने घरात अडकतात.

फ्लॅटमध्ये इंटिरिअर करतोय, माझ्याच घरातली भिंत पाडायला सोसायटीची परवानगी कशाला?

भिंत तुमची, पण तिच्या शेजारचा कॉलम सगळ्यांचा. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई बिल्डिंग कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात पिलरना हात लावल्याचा आरोप झाला. रहिवासी वरच्या मजल्यांवर आपल्या घरात बसलेले होते.

त्यामुळे कोणीही हॅमर लावायच्या आधी कमिटीने प्लॅन मागावा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र मागावं आणि काम चालू असताना आत जाऊन बघावं, लाजू नये. बघायचं काय तर कॉलम-बीमला झिरी पाडलीय का, पाइप नेण्यासाठी बीममधून कोअर घेतलाय का, आणि टॉयलेटचं फ्लोअरिंग फोडलं असेल तर वॉटरप्रूफिंग परत केलं का. "नवीन टाइल जुन्या टाइलवरच चिकटवतो" हा प्रकार तर सर्रास चालतो, तेवढं वजन स्लॅबवर वाढतं हे कोणी मोजत नाही. सदस्य चिडतात, चिडू देत.

ड्रेनेजची टाकी साफ करायला एक माणूस आणला तर? पाचशे-हजारात होतं.

नाही. याच्यावर आम्ही घासाघीस करत नाही. सेप्टिक टँक किंवा ड्रेनेज चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही, २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हे काम सांगणाऱ्यालाही लागू आहे. "वॉचमनने परस्पर आणला" हे उत्तर पोलिस स्टेशनात चालत नाही. गटारात मृत्यू झाला तर ३० लाखांची भरपाई द्यावी असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलंय. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, जास्त असेल तर वास पण येत नाही कारण नाकच बधिर होतं, पहिला पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसरा पण पडतो. सक्शनची गाडी मागवा, पैसे जास्त लागतात, लागू दे.

पिण्याच्या पाण्याची अंडरग्राउंड टाकी वेगळी, तिथे माणूस उतरतो, पण झाकणं आधीपासून उघडून हवा खेळवलेली हवी, वर एक माणूस दोर धरून उभा हवा, आणि आत लाइट लावायचा तर कमी व्होल्टेजचा. ओल्या टाकीत घरचा २३० व्होल्टचा बल्ब सोडलेला मी डोळ्यांनी बघितलाय.

परांचीवरून मजूर पडला तर जबाबदार कोण?

कॉन्ट्रॅक्टर, पण तुम्ही मोकळे असं समजू नका. वर्क ऑर्डर द्यायच्या आधी त्याची वर्कमन कॉम्पेन्सेशन पॉलिसी (मजुराला अपघात झाला तर भरपाई देणारा विमा) बघा, आणि नुसती बघू नका, त्यात तुमच्या साइटवरच्या मजुरांची संख्या आणि कामाची मुदत बसते का ते वाचा. पाच मजुरांची पॉलिसी आणि परांचीवर पंधरा जण असं असतं. हार्नेस (सेफ्टी बेल्ट) सगळ्यांकडे असतो, तो खिळ्याला टांगलेला असतो. आम्ही नियम केलाय की हुक अडकवला नाही तर त्या दिवसाची हजेरी नाही. सुरुवातीला शिव्या खाल्ल्या.

सामान वर न्यायच्या होइस्टमधून माणसं नेऊ देऊ नका. माणसांसाठीच्या होइस्टचीसुद्धा रोप, ब्रेकची तपासणी कधी झाली ते विचारा. १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकुमला ४० मजली साइटवर लिफ्ट कोसळून ७ कामगार गेले, गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग उरकून खाली येत होते.

टेंडर चाळीस लाखांचं आणि फायनल बिल साठचं, हे दरवेळी कसं होतं?

थोडं खरंच वाढतं. प्लास्टर काढल्याशिवाय आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही, ऑडिटरलाही नाही. पण थोडं आणि दीडपट यात फरक आहे. गडबड होते ती लपणाऱ्या कामात: पॉलिमर मॉर्टर किती चौरस फूट आणि किती जाडीचं, मायक्रो काँक्रीट किती, नवीन सळई किती किलो. प्लास्टर चढलं की पुरावा गाडला गेला. म्हणून सुटलेला भाग फोडला की त्याच दिवशी खडूने लांबी-रुंदी तिथेच लिहायची, फोटो काढायचा, मेजरमेंट बुकात तुमच्या माणसाची आणि कन्सल्टंटची सही घ्यायची, मगच पुढचा थर. जी कमिटी हे करते तिच्याशी आमची भांडणं होत नाहीत.

सळई घासून चकचकीत केलीय का, मागून बोट जाईल एवढं काँक्रीट मोकळं केलंय का, आणि कॉलम फोडायच्या आधी टेकू लावलेत का, हे तिन्ही बघायला इंजिनिअर लागत नाही. शेवटी ५ टक्के रक्कम राखून ठेवा, एक पावसाळा गेल्यावर द्या. आम्हाला ते आवडत नाही, पण ठेवा.

वॉटरप्रूफिंगची दहा वर्षांची गॅरंटी देता का?

स्टॅम्प पेपरवर देतो, सगळेच देतात. त्या पेपरपेक्षा गच्चीवर बांध घालून दोन-तीन दिवस पाणी साठवा आणि खालच्या फ्लॅटचं सीलिंग बघा, ती खरी गॅरंटी. आणि त्यानंतर गच्चीवर डिश अँटेनाचा स्टँड बोल्टने ठोकू देऊ नका, निम्मी वॉटरप्रूफिंग त्या चार भोकांतून फुकट जाते.

पैसे कुठून आणायचे? वर्गणी मागितली की लोक एजीएमला येतच नाहीत.

उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) घ्यायचा असतो. जुन्या सोसायट्यांत हा बांधकाम खर्च बिल्डिंग बांधली तेव्हाचा, म्हणजे आजच्या रिपेअरला तो चहा-बिस्किटाला पुरतो. किमान आहे, जास्त घ्यायला सर्वसाधारण सभा ठराव करू शकते. दरमहा पाचशे जास्त घ्या, दहा वर्षांनी एकदम साठ हजार मागायला लागणार नाहीत.

रीडेव्हलपमेंट येणारच आहे, मग आता रिपेअर कशाला?

हे वाक्य आम्ही एकाच सोसायटीत २०१४ पासून ऐकतोय. बिल्डर तीन बदलले, कमिट्या चार, छज्जा तेवढा खाली आला, सुदैवाने पहाटे. सगळं रिपेअर नका करू, मान्य, पण पडू शकणारं प्लास्टर, गळणाऱ्या लाइनी, मीटर रूम आणि फायर पंप एवढं तरी चालू ठेवा, त्याला मोठं टेंडर लागत नाही.

काम कधी सुरू करावं?

पाऊस थांबला की, ऑक्टोबरमध्ये. भिंती वाळायला वेळ मिळतो, मे पर्यंत पेंटसकट होतं. त्यासाठी ऑडिट उन्हाळ्यात, टेंडर पावसाळ्यात आणि मंजुरी सप्टेंबरच्या एजीएममध्ये असं गणित बसवा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फोन केलात तर आम्ही येतो, पण फक्त ताडपत्री घेऊन.